चप्पल गाजली, पण जोडामागे उरलं किती? कोल्हापुरातल्या एका घरगुती कारखान्याचा प्रकरण अभ्यास

२२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला आणि मॉडेलांच्या पायात अंगठ्याच्या सपाट चामडी चपला दिसल्या. कोल्हापुरी वापरणाऱ्याला ती बांधणी लगेच ओळखू आली. कोल्हापूरचं नाव मात्र त्यात कुठेच नव्हतं. समाजमाध्यमांवर ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, कंपनीने उगम मान्य केला आणि जुलैत तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांबरोबर करारही झाला. ही दोन्ही महामंडळं म्हणजे कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे (जीआय टॅगचे) नोंदणीकृत धनी. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्या मानांकनात येतात.

शोनंतरच्या चार आठवड्यांत कोल्हापुरीचं नाव जितकं फिरलं, तितकं फिरवायला पैसे मोजावे लागले असते तर या धंद्यातल्या कुणाच्याच खिशाला परवडलं नसतं. प्रसिद्धी फुकट मिळाली. अशी प्रसिद्धी चार माणसांच्या कारखान्यापर्यंत पोहोचते तेव्हा घरात किती पैसे टिकतात, हे इथे तपासायचं आहे.

एक खुलासा आधीच करायला हवा. खालचं घर कुणा एकाचं नाही. कोल्हापुरात घरीच चप्पल बांधणाऱ्या कारखान्याची जी घडी असते, तीवर हे उदाहरण रचलं आहे आणि आकडे हिशेब समजावा म्हणून गोल धरले आहेत. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण हिशेबाची रीत हीच ठेवा.

घर आणि त्याची घडी

दोन भाऊ आणि दोन जावा. थोरला चामडं कापतो, तळ बसवतो. धाकटा कान (पट्टा ज्यांना जोडतात ते बाजूचे तुकडे), पट्टा आणि अंगठा तयार करून शिलाई घालतो. थोरली जाऊ पॉलिश, तेल आणि शेवटचा हात करते. धाकटी जाऊ वेणी घालते. चामड्याच्या बारीक वाद्या काढून पट्ट्यावर गुंफलेली ही वेणी म्हणजे कापशी या प्रकारच्या चपलेचा चेहरा, आणि घरात ती नीट जमते ती एकटीलाच. एका जोडाच्या वेणीला तिला दीड तास लागतो.

कोरड्या महिन्यात हे घर १२५ जोड काढतं. चौघांचे रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ८०० तास. जोडामागे साधारण सहा तास पंचवीस मिनिटं. पावसाळ्यात हाच आकडा ७० वर येतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं बक्कल चामडं हवेतला ओलावा ओढतं. तळाचे थर नीट चिकटत नाहीत, शिलाईनंतर तळ वर उचलतो, आणि तयार माल दोन दिवस कोंदट जागी राहिला की त्यावर पांढरी बुरशी येते.

माल जातो दुकानदाराकडे. तो जोडाला ६०० रुपये देतो. चामडं, चिकटवण, दोरा, पॉलिश धरून ३८० रुपये कच्च्या मालाचे. घराच्या हाती राहतात २२० रुपये, म्हणजे तासाला चौतीस रुपयांच्या आसपास. दुकानदार चामड्यासाठी उचलही देतो. उचल फिटेपर्यंत माल त्यालाच द्यावा लागतो. थेट विक्रीच्या गोष्टी सांगणारे ही उचल विसरतात. ज्या घरावर ४० हजारांची उचल आहे, ते घर उद्यापासून सगळा माल इन्स्टाग्रामवर विकू शकत नाही.

जुलै: लाट आली

शोनंतरच्या आठवड्यात धाकट्या जावेने वेणी घालतानाचा पंचवीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. तो चालला. मग पैसे भरून, बूस्टचं बटण दाबून आणखी लोकांपर्यंत नेला. महिन्याअखेरीला १ लाख ९० हजार वेळा पाहिलं गेलं, ३,४०० फॉलोअर्स झाले, ४१० जणांनी भाव विचारला आणि ३८ ऑर्डरी आल्या. किंमत ठेवली कुरिअरसकट १,३५० रुपये. ३० जणांनी कॅश ऑन डिलिव्हरी मागितली, आठ जणांनी आधी पैसे दिले.

मग अडचणी सुरू झाल्या. कॅश ऑन डिलिव्हरीचे नऊ डबे दारातूनच परत आले. कुणी फोन उचलला नाही, कुणाचा विचार बदलला, एकाने तीन ठिकाणी ऑर्डर देऊन पहिली आली ती ठेवली. पोहोचलेल्या २९ पैकी सहा जणांना माप चुकलं. परत आलेल्या नऊ जोडांपैकी तीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले होते आणि भर पावसात आठ-दहा दिवस गोदामांत फिरले. डबा उघडला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी बुरशी धरली होती.

जुलैचा हिशेब असा:

जमा: २९ जोड, दर १,३५०, एकूण ३९,१५०
कच्चा माल: ११,०२०
बुरशीने गेलेले तीन जोड, कच्च्या मालापुरते: १,१४०
डबे, ४४ नग, दर ३५: १,५४०
जाण्याचं कुरिअर, ४४ डबे, दर १७०: ७,४८०
कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार, २१ डबे, दर ४०: ८४०
न स्वीकारलेले नऊ डबे परत आणणं, दर १५०: १,३५०
मापासाठी बदललेले सहा जोड परत आणणं: १,०२०
जाहिरात ६,००० आणि तीवर १८ टक्के जीएसटी: ७,०८०
उरले: ७,६८०

जोडामागे २६५ रुपये. दुकानदाराकडून २२० मिळतच होते. फरक पंचेचाळीस रुपयांचा, २९ जोडांवर तेराशे.

आता वेळ. ४१० चौकशा, प्रत्येकीला सहा मिनिटं, म्हणजे ४१ तास. व्हिडिओ काढणं आणि कापणं २५ तास. डबे भरून कुरिअरकडे नेणं ११ तास. एकूण ७७. तेराशे रुपये ७७ तासांवर वाटले की तासाला सतरा रुपये पडतात, वेणी घालून मिळतात त्याच्या निम्मे. महिनाभर फोन वाजत होता, नातेवाईक अभिनंदन करत होते, आणि घर मात्र नेहमीच्या अर्ध्या मजुरीवर राबत होतं. हा हिशेब वहीत मांडला नाही तर तो दिसतच नाही, कारण पैसे रोज येताना दिसतात आणि खर्च आठ ठिकाणी विखुरलेला असतो.

एका गोष्टीने घर वाचलं. जुलै होता, चामडं ओलं होतं, हात तसे रिकामेच होते. ७० जोडांच्या वेण्यांना धाकट्या जावेचे १०५ तास लागतात आणि तिच्याकडे २०० असतात. हीच लाट ऑक्टोबरात आली असती तर १२५ जोडांना १८७ तास गेले असते आणि शिल्लक राहिले असते तेरा. ७७ तास फोनवर घालवायचे तर चाळीसेक जोड वेणीवाचून अडून बसले असते. म्हणून घरात ज्या माणसाच्या कामावर बाकीच्यांचा माल अडतो, त्याच्या हाती फोन देऊ नये. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. ज्याचा हात सगळ्यात देखणा, त्याचाच व्हिडिओ निघतो आणि मग उत्तरंही त्यालाच द्यावी लागतात.

कुठे काय चुकलं, आणि काय बदललं

*माप.* सहापैकी सहा चुका एकाच प्रश्नातून आल्या: "कितवा नंबर?" गिऱ्हाईक सांगतं आठ. ते आठ बुटाचे, सँडलचे की स्पोर्ट्स शूजचे, ते त्यालाही ठाऊक नसतं, आणि प्रत्येक कारखान्याचा आठ वेगळा. कोल्हापुरीत हे जास्त बोचतं, कारण बुटासारखी लेस नाही की बक्कल नाही. चपलेचा पट्टा रुंदीला आठ-दहा दिवसांत सैल होतो, लांबीला तळ तसूभरही वाढत नाही.

म्हणून नंबर विचारणं बंद करून सगळ्यांना एकच संदेश ठेवला:

"नमस्कार. आमच्याकडे पायाच्या मापावर चप्पल देतो. संध्याकाळी माप घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. ए-फोर कागदाची आखूड बाजू भिंतीला टेकवून तो जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा, दुसऱ्याला पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारायला सांगा. दोन्ही पायांची काढा. कागदाचे चारही कोपरे दिसतील असा वरून फोटो पाठवा."

ए-फोरच का? तो कागद २९७ मिलिमीटर लांब असतो. फोटो वरून कितीही उंचीवरून काढला तरी कागदाच्या लांबीशी ताडून पाय किती मिलिमीटरचा ते काढता येतं, गिऱ्हाइकाच्या पट्टीवर विसंबावं लागत नाही. मोठ्या पायाच्या मापात ५ ते ८ मिलिमीटर मिळवून तळ निवडायचा. चवडा रुंद असेल तर कान शिवतानाच थोडा सैल सोडायचा. पायाचं माप काढून पाठवण्याचा कंटाळा करणारं गिऱ्हाईक इथेच गळतं आणि ते गळलेलं बरं, कारण डबा परत पाठवणाऱ्यांत तेच जास्त असतात.

*डबा.* जुलैत बाजारातला तयार खोका वापरला, ३३ × २२ × १२ सेंटिमीटर. जोडाचं वजन डब्यासकट एक किलोच्या आत, पण कुरिअरने पैसे लावले दोन किलोंचे. बहुतेक कुरिअर आकारमानाचं वजनही धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. इथे ८,७१२ भागिले ५,००० म्हणजे १.७४, म्हणून दोन किलोंचा टप्पा. चपला तोंडाला तोंड लावून, एकीची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे ठेवल्या की ३० × १६ × १० मध्ये बसतात. ४,८०० भागिले ५,००० म्हणजे ०.९६, एक किलोच्या आत. दर १७० वरून ९५ वर आला. खोकेवाल्याकडून शंभर नग या मापाचे करून घेतले तरी खोक्याचा दर फारसा बदलत नाही. या एका बदलाने जितके पैसे वाचले, तितके जाहिरातीच्या कुठल्याही युक्तीने वाचले नसते.

*बुरशी.* चामड्याला प्लॅस्टिक टेकता कामा नये. आत वर्तमानपत्राचा कागद, त्यात पाच-पाच ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, मग खोका, आणि प्लॅस्टिकची कुरिअर पिशवी फक्त बाहेरून. भरण्याआधी जोड दोन दिवस सावलीत वाऱ्यावर. उन्हात टाकला की चामडं तडकतं.

*पैसे.* पूर्ण कॅश ऑन डिलिव्हरी बंद. २०० रुपये आधी, उरलेले दारात, किंवा सगळे आधी. ज्याला चप्पल खरंच हवी आहे तो २०० रुपयांना अडत नाही. पैसे आले का ते बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्येच बघायचं, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर कधीच नाही. आणि "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा चोर असतो. पैसे घेण्यासाठी स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही.

*जाहिरात.* पोस्टखालचं बूस्टचं बटण झटपट वापरलं की माणसं बघतात, हृदय देतात आणि पुढे जातात. बघे आणि गिऱ्हाईक यांत फरक आहे. ऑक्टोबरात ॲड्स मॅनेजरमधून (इन्स्टाग्राम-फेसबुकवर जाहिरात लावण्याचं साधन), व्हॉट्सॲपवर संभाषण सुरू व्हावं हा हेतू निवडून, रोज १५० रुपयांची जाहिरात वीस दिवस चालवली. गावं ठेवली पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर. एवढ्या छोट्या रकमेत दोनपेक्षा जास्त जाहिराती एकदम चालवू नयेत, आणि रोज त्यांत बदल करत बसू नये. यंत्रणेला कुणाला दाखवायचं ते शिकायला आठवडा तरी लागतो.

फक्त महाराष्ट्रच का? घराची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे, म्हणून राज्यात विकताना जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात माल पाठवायला लागलं की हिशेब बदलतो. काही हस्तकला-वस्तूंना तिथेही ठरावीक उलाढालीपर्यंत सूट आहे. ती आपल्या मालाला लागते का हे सीएला विचारूनच दिल्ली-बंगळुरूच्या ऑर्डरी घ्याव्यात. नोंदणी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के दर आहे. नोंदणी नसलेल्याला जाहिरातीवरचा १८ टक्के कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरायचा. दुबई-लंडनच्या मराठी माणसांचे संदेशही येतात. त्यांना सरळ सांगायचं की सुट्टीत येणाऱ्या नातेवाइकाचा इथला पत्ता द्या. एका जोडासाठी परदेशी कुरिअर परवडत नाही.

*व्हिडिओ.* वेणीचा व्हिडिओ सगळ्यात जास्त पाहिला गेला. चौकशी मात्र दुसऱ्याच दोन व्हिडिओंनी आणली. एकात पाय कागदावर काढून माप कसं घ्यायचं ते दाखवलं होतं. दुसऱ्यात चप्पल उलटी धरून तळाचे थर, मधली शिलाई आणि कडेला कापलेल्या चामड्याचा तंतू दाखवला होता, शेजारी रेक्झिनच्या नकली चपलेची गुळगुळीत कड. गिऱ्हाइकाच्या मनात दोनच भीती असतात: पायाला बसेल का, आणि खरं चामडं आहे का. ज्या व्हिडिओने भीती जाते, तो विकतो.

काढायला स्टुडिओ लागत नाही. सकाळी नऊ ते अकरा खिडकीजवळ, फोन स्टुलावर टेकवून, शेजारी पांढरा कागद. फिल्टर अजिबात नको. नैसर्गिक रंगाची चप्पल तेल लागलं की गडद होते. फोटोत फिक्की आणि हातात गडद आली की "रंग वेगळा आला" ही तक्रार ठरलेली. म्हणून तेल लावण्याआधीची आणि महिनाभर वापरलेली, अशा दोन चपला शेजारी ठेवून फोटो टाकावा. आणि फोटोत कारखान्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी चपलेखाली दिसेल अशी ठेवावी. खोटी पानं असेच फोटो उचलून लोकांकडून पैसे घेतात आणि शिव्या खऱ्या कारागिराला बसतात.

ऑक्टोबर: तोच माल, दुसरी घडी

फोन आता थोरल्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे. रोज रात्री आठ ते साडेआठ, तेवढ्यातच उत्तरं. इतर वेळी व्हॉट्सॲप बिझनेसचा आपोआप जाणारा संदेश: माप कसं घ्यायचं, भाव किती, किती दिवस लागतात. कॅटलॉगमध्ये चारच नमुने. आधी सोळा होते, आणि सोळा दाखवले की गिऱ्हाईक "विचार करून सांगतो" म्हणतं.

१५० चौकशा, ४० ऑर्डरी. २४ जाहिरातीतून. उरलेल्या १६ पैकी ९ जुलैच्या गिऱ्हाइकांकडून किंवा त्यांच्या ओळखीतून. ७ ऑर्डरी अशा लोकांच्या, जे नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आले होते आणि गूगल मॅपवर कारखाना शोधून घरी येऊन गेले होते. गूगलवर ठिकाण नोंदवायला एक पैसा लागत नाही. कोल्हापूरसारख्या यात्रेच्या गावात आधी ते करावं, मग इन्स्टाग्राम. दारात आलेल्या माणसाचं माप चुकत नाही.

एक डबा न स्वीकारता परत आला, तीन जोड मापासाठी बदलले.

जमा: ३९ जोड, ५२,६५०
कच्चा माल: १४,८२०
डबे, ४३: १,५०५
कुरिअर, ४३, दर ९५: ४,०८५
दारात उरलेले पैसे घेण्याचा आकार, ११ डबे: ४४०
एक डबा परत: ८५, त्यासमोर गिऱ्हाइकाने आधी दिलेले, जप्त झालेले २००
बदललेले तीन जोड परत आणणं: २८५
जाहिरात ३,००० आणि जीएसटी: ३,५४०
उरले: २८,०९०

जोडामागे ७२०. दुकानदारापेक्षा ५०० जास्त, एकूण साडेएकोणीस हजार. वेळ गेला २९ तास: उत्तरांना दहा, व्हिडिओला आठ, डब्यांना अकरा. तासाला सहाशे सत्तर रुपये. यात दिवाळीचा वाटा आहे हे मान्य करायला हवं. त्या महिन्यात चप्पल तशीही खपते. पण जुलैतले पैसे गिऱ्हाईक नसल्याने गेले नव्हते. ते खोक्यात, मापात आणि परतीच्या डब्यांत गेले होते, आणि ती गळती सणाने बुजत नाही.

उरलेले ८५ जोड दुकानदाराकडेच गेले. हे जाणूनबुजून. तो बारमाही माल घेतो, उचल देतो आणि पावसाळ्यातही थोडं का होईना उचलतो. थेट विक्रीचा भाव त्याच्या दुकानातल्या भावाच्या खाली कधी ठेवायचा नाही, नाहीतर तो घराला धरूनच बसेल. एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत थेट विक्री न्यावी आणि उचल फिटत जाईल तशी वाढवावी.

जाहिरात कधी थांबवायची याचंही माप ठेवलं. १,३५० मधून कच्चा माल, डबा, कुरिअर, परतीची तजवीज म्हणून ४० आणि दुकानदाराकडे मिळणारे २२० वजा केले की ५८० राहतात. त्यातून वेळेची मजुरी निघायला हवी आणि चांगलं काही उरायला हवं. म्हणून पोहोचलेल्या जोडामागे जाहिरात २५० च्या वर गेली आणि दोन आठवडे तशीच राहिली तर बंद. जुलैत ती २४४ होती, म्हणजे काठावर. ऑक्टोबरात ९१. भागाकार करताना पोहोचलेले जोड धरावेत, आलेल्या ऑर्डरी नव्हेत. ऑर्डरी धरल्या तर जुलैसुद्धा चांगला दिसतो.

नावाचा वापर

लाटेत पुष्कळ जणांनी त्या परदेशी कंपनीचं नाव हॅशटॅगमध्ये घालून माल विकला. ते करू नये. दुसऱ्याच्या व्यापारचिन्हावर विकलेला जोड अंगाशी येऊ शकतो, आणि आपल्याकडे त्याहून भक्कम नाव आहे. मानांकनाचं चिन्ह मात्र फक्त अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यालाच लावता येतं. ही नोंदणी कारागिराने स्वतःच्या नावाने करून घ्यावी. महामंडळाकडून त्याची माहिती मिळते. ती झाली की प्रमाणपत्राचा फोटो पानावर वर लावावा. खरं-खोटं ओळखायला धडपडणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दहा व्हिडिओंपेक्षा जास्त सांगतो. ज्या हातांनी हे नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकवलं, त्यांच्याकडेच त्याचा कागद नसावा याची खरोखर खंत वाटते.

फोनमधली यादी

दोन महिन्यांत ६८ जोड पोहोचले. त्या गिऱ्हाइकांचे नंबर पायाच्या मापासकट वहीत आणि व्हॉट्सॲपच्या लेबलमध्ये आहेत. घराची खरी कमाई ही. ३,४०० फॉलोअर्सना आपली पोस्ट कधी दिसेल ते इन्स्टाग्राम ठरवतं. ही यादीतली माणसं घराची आहेत. त्यांना दुसरा जोड द्यायचा तर माप विचारावं लागत नाही, जाहिरात लागत नाही. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी जाते: पहिले तीन-चार दिवस चप्पल चावली तर अंगठ्याच्या आत एरंडेलाचे दोन थेंब लावा, पावसात घालू नका, आणि हा नंबर सेव्ह करा. सेव्ह करायला सांगायचं कारण असं की व्हॉट्सॲपवरची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपर्यंतच जाते आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचते. वर्षाला तीनच संदेश: लग्नसराईआधी, दिवाळीआधी आणि पाऊस उघडल्यावर. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात, आणि फार जणांनी ब्लॉक केलं की नंबरच बंद होतो.

पुढची तयारी मे महिन्याची आहे. मृग लागायच्या आत, चामडं खडखडीत कोरडं असताना, चार नमुन्यांचे ६० जोड जास्तीचे बांधायचे. यादीत ज्या मापांची गर्दी आहे त्यांचे ४५, कडेच्या मापांचे १५. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, जमिनीला किंवा भिंतीला न टेकवता, आणि दर पंधरा दिवसांनी उघडून वारा द्यायचा. त्यासाठी २२,८०० रुपये कच्च्या मालात अडकतील, ऑक्टोबरच्या शिल्लकीतून ते काढून ठेवले आहेत. गेल्या जुलैत गिऱ्हाईक दारात होतं आणि तळ वाळत नव्हते.